आडव्या वाटांचा नकाशा कुठे आहे?

आमच्या यवतमाळ भागात हल्ली पारावर दोन माणसं बसली की तिसऱ्या वाक्याला शक्तिपीठ महामार्ग निघतो. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या वेशीवरच्या पत्रादेवीपर्यंतचा हा प्रस्तावित द्रुतगती रस्ता, मूळ आखणीप्रमाणे सुमारे ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे, आणि सुरुवातीचा अंदाज ८६,३०० कोटींचा. आखणी बदलत आली आहे आणि पुढेही बदलेल, पण वाद जिथल्या तिथे आहे. कोल्हापूर-सांगलीकडे शेतकऱ्यांचे मोर्चे निघाले आणि इकडे आमच्यापैकी बऱ्याच जणांनी सूर लावला, "त्यांना नको असेल तर राहू द्या, आम्हाला द्या." दुसऱ्या बाजूला शहरातले काही जाणते मित्र सांगतात की डोंगर फुटतील, जंगल तुटेल, इंचभरही जमीन देऊ नका. फोनवरच्या ग्रुपमध्ये एक बाजू दुसरीला विकासाची वैरी ठरवते, दुसरी पहिलीला ठेकेदाराची माणसं. या सगळ्या भांडणात एक गोष्ट दोघांचीही सारखी आहे. दोघंही रस्ता लांबीनेच पाहतात. पवनारहून पत्रादेवी किती तासांत, नागपूरहून गोवा किती जवळ, किती हेक्टर जंगल, किती किलोमीटर डोंगर.

माझं म्हणणं असं की ज्याच्या वावरातून रस्ता जातो, त्याच्यासाठी तो लांबीचा नसतोच. त्याला तो फक्त ओलांडायचा असतो. रोज, सकाळ-संध्याकाळ, बैल घेऊन, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन, डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन. म्हणून डोंगराळ मुलखातून द्रुतगती महामार्ग न्यायचा की नाही, हे त्याखालून आणि त्यावरून आडवं कोण कसं जाणार, यावर ठरायला हवं. आडव्या वाटांचा नकाशा आधी, मग रस्त्याची रेघ. हा नकाशा नसेल तर माझा विरोध आहे. तो असेल, आणि ठेक्याच्या कागदात खर्चासकट उतरलेला असेल, तर मी माझ्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खुंटी ठोकू द्यायला तयार आहे.

द्रुतगती महामार्ग म्हणजे काय, हे आपल्याकडे अजून नीट सांगितलंच जात नाही. आपण 'रस्ता' म्हणतो तेव्हा डोळ्यापुढे येतो तो एसटी थांबणारा, कडेला चहाची टपरी असलेला, कुठूनही चढता-उतरता येणारा रस्ता. समृद्धी महामार्ग तसा आहे का? नागपूर ते मुंबईजवळचं आमणे, ७०१ किलोमीटर, सपाटीवर १२० मीटर रुंदीची पट्टी, दोन्ही बाजूंनी कुंपण. चढण्या-उतरण्याची ठिकाणं दोन डझनांच्या आसपास, म्हणजे सरासरीने एकापासून दुसरं पंचवीस-तीस किलोमीटर. त्यावर दुचाकी चालत नाही, ट्रॅक्टर चालत नाही, बंडी तर सोडाच. आमच्या गावातली वाहनं मोजली तर बहुतेक दुचाकी आणि ट्रॅक्टर. म्हणजे ज्या गावाने जमीन दिली, त्या गावातल्या बहुतेक चाकांना त्या रस्त्यावर पाय ठेवता येत नाही. त्या गावासाठी तो रस्ता एक भिंत आहे. भिंत बांधू नये असं मी म्हणत नाही. दारं कुठे ठेवली, एवढं मात्र विचारतो.

शेजारच्या जिल्ह्यात माझ्या मावसभावाचं वावर अशाच एका मोठ्या रस्त्याने दुभागलं. विहीर इकडे राहिली, पावणेदोन एकर तिकडे. पलीकडे जायला गावाला रस्त्याखालून एक मोरी दिली आहे. गेल्या आषाढात मी तिथे होतो. सकाळी साडेनऊची वेळ, मोरीत गुडघाभर गढूळ पाणी, आणि पाच-सहा मुली एका हातात चपला, दुसऱ्या हाताने युनिफॉर्म वर धरून भिंतीला टेकत टेकत पलीकडच्या शाळेत चाललेल्या. मोरीच्या छताला एका बाजूला काँक्रीट खरवडल्याच्या लांब रेघा होत्या. कशाच्या, म्हणून विचारलं तर भाऊ म्हणाला, "हार्वेस्टरच्या. एकानं घुसवून पायलं." सोयाबीन काढणीला आलं की हार्वेस्टर सात किलोमीटर फेऱ्याने आणावं लागतं, पावणेदोन एकरासाठी तो यायला तयार नसतो, आला तर डिझेलचे पैसे वेगळे. विहिरीचं पाणी पलीकडे न्यायला रस्त्याखालून पाइप टाकावा लागतो, त्याची परवानगी अजून आलेली नाही. "मोबदला भेटला, नाही म्हनत नाही मी," तो म्हणाला, "पन थे एकदा भेटला. मोरीतून तं मले रोजच जा लागते."

आता समोरच्या बाजूचं खरं ते मान्य करू. विदर्भाला रस्त्यांची भूक आहे आणि ती आजची नाही. १९५३ च्या नागपूर करारापासून आपण समतोल विकासाचं आश्वासन ऐकत आलो. १९८३ मध्ये राज्यातल्या भागाभागांतला असमतोल मोजायला दांडेकर समिती नेमली गेली, १९८४ मध्ये तिचा अहवाल आला, आणि अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागाची राहून गेलेली कामं, हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात रुजला. त्या अनुशेषात रस्तेही होते. अकरा-बारा तास लागणाऱ्या वाटेवर अँब्युलन्समध्ये आपलं माणूस घेऊन बसलेल्याला चांगल्या रस्त्याची किंमत कुणी समजावून सांगायची गरज नाही. मी स्वतः माझ्या काकूला नागपूरला नेताना प्रत्येक खड्ड्यागणिक तिचा चेहरा पाहिला आहे. वरुड-मोर्शीचा संत्रा एक दिवस उशिरा पोचला तर भाव पडतो, हेही खरं. समृद्धीसाठी ज्यांच्या जमिनी रेडी रेकनरच्या पाचपट दराने थेट खरेदी झाल्या, त्यांच्यातल्या कित्येकांनी कर्ज फेडलं, दुसरीकडे जास्त जमीन घेतली, मुलींची लग्नं केली, पक्की घरं बांधली. ज्या जिल्ह्यांत कर्जापायी माणसं गळफास घेतात, तिथे हातात आलेल्या रकमेला कुणी नावं ठेवू नयेत. मुंबईचा सोळा तासांचा प्रवास आठ तासांवर आला, हा फरकही लहान नाही.

हे सगळं मान्य करूनही प्रश्न उरतो. अनुशेष ज्या रस्त्यांचा होता, ते रस्ते कोणते होते? गावाला तालुक्याशी, वावराला गावाशी, पाड्याला दवाखान्याशी जोडणारे. आमच्या अर्ध्याअधिक पांदण रस्त्यांवरून पावसाळ्यात बंडी जात नाही. काळ्या मातीत चाक आऱ्यापर्यंत रुततं आणि घरी आणायचा कापूस गुडघाभर चिखलातून डोक्यावर आणावा लागतो. शासनाने २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावाने पांदण रस्त्यांची योजना काढली, म्हणजे गरज शासनालाही दिसते आहे. मग नागपूर-गोवा रस्त्याचे किलोमीटर मोजून आमच्या पांदणीचा अनुशेष कसा भरून निघेल? एखाद्या कास्तकाराच्या वर्षभराच्या फेऱ्या मोजा. वावर, बाजार, जिनिंग, शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, मुलीचं सासर. यातली किती ठिकाणं शंभर किलोमीटरच्या पलीकडे आहेत? त्याच्या आयुष्यातला प्रवास आखूड आणि आडवा आहे, आणि मोठा रस्ता नेमका तोच कापतो.

हे आपल्यासोबत पहिल्यांदा घडत नाही. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना आमच्या काळ्या मातीची आठवण झाली. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. मुख्य मार्ग बदनेरा, अकोला, जलंबवरून सरळ निघाला. ज्या खामगाव आणि अमरावतीत कापसाचे बाजार भरायचे, ती दोन्ही गावं बाजूला राहिली आणि नंतर त्यांच्यासाठी फाटे काढावे लागले. लोहमार्ग आल्याने वऱ्हाडात पैसा आला, हे नाकारता येत नाही. पण १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ पडला तेव्हा त्याच वऱ्हाडातून रेल्वे धावत होती आणि माणसं उपाशी मरत होती. वाहतूक आहे म्हणून धान्य गरिबाच्या ताटात आपोआप येत नाही. त्याच्या हातात विकत घ्यायला पैसा आणि त्याच्या दारापर्यंत वाट, दोन्ही लागतं. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूर्तिजापूरहून यवतमाळला ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी आली, अचलपूरला तिची दुसरी शाखा गेली. हळू, थांबत थांबत जाणारी. लोकांनी तिला शकुंतला म्हटलं. मुख्य मार्गावरच्या गाड्या वेगाने गेल्या, पण वऱ्हाडाने आपलं माणूस म्हणून नाव दिलं ते याच गाडीला, कारण ती बाजाराच्या दिवशी गावात थांबायची. आज मुख्य मार्गावर गाड्यांची रांग आहे आणि शकुंतलेच्या रुळांवर बाभळी वाढल्या आहेत. मोठा मार्ग जगतो, आडवा मरतो. तो जगवायचा असेल तर पहिल्या दिवसापासून त्याचं नाव कागदावर हवं.

आणि तसं करता येतं, हे याच विदर्भाने दाखवलं आहे. नागपूरहून शिवनीकडे जाणारा, पूर्वी ७ क्रमांकाचा आणि आता ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग मनसर, देवलापारवरून सातपुड्याच्या रांगांत शिरतो आणि पेंचच्या जंगलातून जातो. त्याच्या चौपदरीकरणाचा वाद वर्षानुवर्षं चालला, कोर्टात गेला. बाहेर घोषणा दोनच होत्या, वाघ हवा की रस्ता. पण काम पुढे सरकलं ते प्रश्न बदलल्यावर. जनावर कुठून ओलांडतं? किती रुंद जागा असली तर ते दबकत नाही? प्रकाश आणि आवाज किती सहन करतं? डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे अभ्यासलं, आणि महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता उचलला गेला. सर्वांत आखूड जागा ५० मीटरची, सर्वांत लांब ७५० मीटरची. २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावले तेव्हा अठरा जातींचे वन्यप्राणी खालून जाताना टिपले गेले, वाघही. याच २०१९ मध्ये आमच्या टिपेश्वर अभयारण्याचा एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ पट्टा घेऊन निघाला आणि तेलंगणा, मराठवाडा करत तेराशेच्या आसपास किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्या पट्ट्यामुळे त्याने कुठला नाला धरला, कुठली टेकडी ओलांडली, कुठला रस्ता पार केला, हे सगळं नकाशावर आलं.

वाघाला एवढं विचारलं याचा मला आनंद आहे, आणि हे वाघाविरुद्ध लिहितोय असं कुणी समजू नये. पेंचची पद्धत बरोबर होती म्हणूनच मी ती गावासाठी मागतो आहे. अभयारण्यातून रस्ता न्यायचा तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळापुढे जावं लागतं. गावासाठी काय आहे? २०१३ च्या भूसंपादन कायद्याने जमीन घेण्याआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास बंधनकारक केला. पण त्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत तेरा कायदे वेगळे काढून ठेवले आहेत, आणि १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा त्यांत आहे. २०१५ पासून त्या कायद्यांना नव्या मोबदल्याच्या तरतुदी लागू झाल्या, परिणामांच्या अभ्यासाची अट मात्र लागू झाली नाही. म्हणजे राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन गेली तर पैसे नव्या हिशेबाने मिळतील, पण तुमच्या गावात कोण कुठून कुठे जातं हे विचारायला कुणी बांधील नाही. मोरी कुठे आणि किती उंच, हे नाल्याच्या पाण्यावरून आणि खर्चावरून ठरतं. हार्वेस्टरची उंची त्यात येतच नाही.

डोंगराच्या बाबतीत तर पाणी हीच सर्वांत मोठी आडवी वाट. पुसद-महागावकडच्या टेकड्यांच्या पायथ्याला ज्याने शेती केली आहे त्याला माहीत असतं की पाऊस फक्त नाल्याने येत नाही. तो पंधरा-वीस घळींतून, धुऱ्याधुऱ्याने, कधी सगळ्या उतारावरून पसरून येतो. त्याला आडवा मुरमाचा उंच भराव घातला की भराव बांध होतो. वरच्या अंगाची वावरं तुंबतात, तूर पिवळी पडते. भरावाच्या कडेची गटारं ते सगळं पाणी गोळा करून एका मोरीत आणून टाकतात, आणि खालच्या अंगाचा जो नाला पिढ्यान्‌पिढ्या पाच घळींचं पाणी वाहत होता, त्याच्या उरावर पंधरा घळींचं येतं. खालचं वावर खरडून जातं. नुकसानीचा पंचनामा होतो अतिवृष्टी म्हणून. भरावाचं नाव कागदावर येत नाही. उपाय अवघड आहे का? प्रत्येक घळीला तिची मोरी द्या, उतारावर भराव कमी आणि खांबांवरचा रस्ता जास्त ठेवा, मोरीच्या तोंडाशी दगडी पिचिंग करा. खर्च वाढतो. पण आज तो खर्च वाचत नाही, तो फक्त खालच्या कास्तकाराच्या नावावर टाकला जातो.

मुरमाचंही तसंच. भरावाला मुरूम लागतो, आणि तो जवळच्या टेकडीतूनच येतो. पण बुलढाण्यात दुसरा मार्ग निघाला. राष्ट्रीय महामार्गांच्या कामाला लागणारी माती आणि मुरूम तलाव, नाले, पाझर तलाव खोल करून काढायचा, म्हणजे रस्त्याला भराव मिळतो आणि गावाला पाणी साठवायला जागा. बुलढाणा पॅटर्न म्हणून तो देशभर ओळखला गेला. इथेही कुणीतरी एक साधा प्रश्न विचारला होता: मुरूम कुठून आणणार? उत्तर मिळालं आणि टेकडी वाचली. उत्तराखंडात चारधाम रस्त्याचा वाद असाच रुंदी साडेपाच मीटर की दहा मीटर, संरक्षण की पर्यावरण यात अडकून राहिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सिलक्याराचा बोगदा कोसळला आणि ४१ कामगार सतरा दिवस आत अडकले. त्या बोगद्याच्या २०१८ च्या मंजुरीत सुटकेच्या वाटेचा स्पष्ट उल्लेख होता. त्यांना बाहेर काढावं लागलं ते ढिगाऱ्यातून पाइप घालून आणि शेवटचे काही मीटर हाताने उकरून. मोठ्या शब्दांची लढाई चालू असते तेव्हा लहान वाटांकडे बघायला कुणी मोकळं नसतं.

हेच मला डोंगर-जंगलाच्या बाजूने बोलणाऱ्या मित्रांनाही सांगायचं आहे. त्यांच्या नकाशात जंगल असतं, वन्यप्राण्यांचा कॉरिडॉर असतो, गाव क्वचित असतं. मेळघाटात धारणीकडच्या बाळंतिणीला अडचण आली तर तिला घाट उतरून परतवाड्यामार्गे अमरावती गाठावी लागते. तिथल्या कितीतरी कोरकू पाड्यांना बारमाही रस्ता नाही, आणि वनजमिनीची परवानगी हे त्याचं नेहमीचं कारण सांगितलं जातं. २००६ च्या वनहक्क कायद्यात ग्रामसभेच्या शिफारशीने रस्त्यासारख्या सोयीसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची सोय आहे. ती वापरून पाड्याचा रस्ता व्हावा म्हणून किती जणांनी अर्ज लिहून दिले? अकोला-खंडवा मीटरगेजचं रुंदीकरण व्याघ्र प्रकल्पातून नको, बाहेरून न्या, ही मागणी मला पटली होती. बाहेरच्या मार्गाने हिवरखेड, जळगाव जामोदकडची जास्त गावं जोडली जातात. पण २०१७ मध्ये जुनी गाडी बंद झाली, आणि अकोटच्या पुढे डोंगरातल्या लोकांचं काय, हा प्रश्न ती मागणी करणाऱ्यांनी तितक्या जोराने लावून धरला नाही. जंगल वाचवणं योग्यच. त्यात राहणाऱ्याची वाट बंद झाली तर ती उघडून देणं हेही त्याच कामात येतं.

शेवटचा आणि सर्वांत जड आक्षेप वेळेचा. इतकं विचारत बसलात तर रस्ता होईल कधी? पेंचला वर्षं गेली, तोवर जुन्या खड्ड्यांच्या रस्त्यावर माणसं मेली, हे खरं आहे आणि त्याची जबाबदारी वाद घालणाऱ्यांनीही घ्यावी. पण वेळ कशात गेला ते पाहा. अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची डांबरी पट्टी १०५ तास ३३ मिनिटांत टाकली गेली, जागतिक विक्रम झाला. म्हणजे डांबर टाकायला आपल्याला दिवस लागतात, वर्षं नाहीत. वर्षं जातात ती न विचारलेल्या प्रश्नांपायी: मोजणी अडते, कोर्टात स्थगिती मिळते, गाव रस्त्यावर बसतं, झालेल्या भरावाखाली नंतर मोरी घालायची वेळ येते आणि ती कधीच नीट बसत नाही. एका गावच्या आडव्या वाटा कागदावर आणायला किती दिवस लागतील? कोतवाल, दोन गुराखी, ट्रॅक्टरवाला, शाळेतल्या दोन मुली आणि एक म्हातारा ज्याला जुने नाले माहीत आहेत, एवढी माणसं ग्रामसभेत बसवली तर चार दिवसांत नकाशा होतो. मग तो नकाशा मोजणीच्या कागदाला जोडायचा, आणि कुठली वाट ठेवली, कुठली तोडली आणि का, हे लेखी द्यायचं. ज्याच्या वावराचे दोन तुकडे होऊन एक कसण्याजोगा राहत नाही, त्याचा तो तुकडाही त्याच दराने घ्यायचा. कुंपणाला लागून दोन्ही अंगांना बंडी आणि ट्रॅक्टर चालेल असा रस्ता ठेकेदाराच्या मूळ कामातच धरायचा, नंतरच्या मागणीवर सोडायचा नाही.

आमच्याकडे दिवाळीनंतर संयुक्त मोजणी होईल असं तलाठ्याकडून कळलं आहे. आम्ही सात-आठ जणांनी गावच्या नकाशाची प्रत काढली आणि गेले दोन रविवार पेन्सिलने त्यावर वाटा काढतो आहोत. आतापर्यंत एकवीस झाल्या: तीन पांदणी, ढोरं आखरातून टेकडीकडे जातात ती वाट, मसणवटीची वाट, पंधरा घळी, आणि पलीकडच्या पोडावरची, म्हणजे कोलाम वस्तीवरची, पोरं शाळेत येतात ती पायवाट, जी कुठल्याच सरकारी नकाशात नाही. काल सखाराम गुराखी नकाशा पाहायला आला. त्याने बराच वेळ बोट फिरवलं आणि टेकडीच्या कोपऱ्यावर थांबून म्हणाला, "इथली राह्यली. उन्हाळ्यात पान्याले याच वाटेनं नेतो मी ढोरं." ती बावीस नंबरची.